परळातला भंडारा

धोंडुकाकीला किळस लय. पावण्यानं तांब्याला त्वांड लावून पाणी प्यालं की पावणा वेशीच्या भाईर पडायच्या आत ती त्यो तांब्या राखंनं घासाय घ्यायची. घासून घासून त्या तांब्याचं प्वाट पातळ झाल्यालं. कुनी मिशीला ताक लावून बोलाय लागला की हिची भाकरी ताटात खाली. लगनात पंगतीला कवा बसली न्हाई. वाडप्याचा घाम वरनात पडतोय म्हनायची, आन् लोकांस्नी बी ते सांगायची, मग त्यास्नी बी जेवान जायाचं न्हाई.

आता हीच बाई मेंढरं राखायची. अडल्याली मेंढी कोपरापतुर हात घालून सोडवायची. कुनी इचारलं, काकी, हितं बरी किळस येत न्हाई तुला, तर म्हनायची, "मेंढरू थुकतंय का?"

आन् अशा बाईच्या देवळीत बिरोबाचा भंडारा कशात, तर भोपळ्याच्या एका कापल्याल्या तुकड्यात. मातीचं परळ आसतंय न्हवं, तसा उथळ तुकडा. त्येच्यात आदी मिरजंच्या एका म्हाताऱ्यानं तंबाकू थुकल्याली, हे सगळ्या वाडीला ठावं. परवा काकी गेली. तिच्यावर त्याच परळातला भंडारा उधळला, तवा नव्या सुनांनी नाकाला पदर लावला. त्येंचं बी काय चुकलं न्हाई. पर ती गोष्ट ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगाय पायजे, आता ती सांगाय न्हाई म्हनून.

काकीचा मालक अर्जुना. मानूस गरीब, बोलायला कमी. त्येला एक खोड हुती. मेंढरामागं चालताना त्वांड मिटून घुमायचा. गानं न्हवं, शबुद न्हाई, काय न्हाई. भुंगा खांबात शिरल्यावानी नुसता ऊंऽऽ करून घुमायचा. काकीला त्येचा बी वैताग. "त्वांड उघडून तरी गा, न्हाईतर गप तरी बस," म्हनायची. त्यो हसायचा आन् परत घुमायचा.

भात्तर सालच्या दुष्काळात कळप गेला. हुती ती मेंढरं चाऱ्यावाचून मेली, ऱ्हायल्याली इकली. पाऊस पडल्यावर अर्जुनानं मंगळवेढ्याकडच्या पावण्याकडनं कडू भोपळ्याचं बी आनलं आन् हिरीच्या कडंला, उकिरड्याच्या अंगाला लावलं. ह्यो भोपळा खायाचा न्हाई, ह्येचा तंबोरा करत्यात. मिरजंचं मिस्त्री वर्साला एकदा येऊन बगून न्हेत्यात. अर्जुनानं त्यो येल प्वारासारका संबाळला. फळाखाली पाचट घालायचा, एका अंगाला बसून चपटं हुया नगं म्हनून हळूच फिरवायचा. आन् फळाकडं कुनी सरळ बोट दावायचं न्हाई. बोट दावलं की कवळं फळ कुजतंय. दावायचंच तर बोट मोडून दावायचं. कवळी पोरं बी बोट वाकडं करून म्हनायची, आज्ज्या, ह्यो बग थोरला.

त्यात एक फळ घागरीएवढं झालं. ते कवळं हुतं तवाच अर्जुनानं बाभळीच्या काट्यानं त्येच्यावर खूण वरबाडली. दोन आडव्या रेगा आन् मधी एक ठिपका. मेंढराच्या कानाला त्येंच्या घरात हीच खूण. फळ वाडलं तशी खूण बी वाडली, तळव्याएवढी झाली, खपली धरल्यावानी.

काकी म्हनली, "ह्ये काय केलंस? चांगल्या फळाला खरूज झाल्यावानी दिसतंय."

"चुकल्यालं मेंढरू खुनंवर घावतंय," त्यो म्हनला. "ह्यो मिरजंला गेला आन् तितं धा भोपळ्यात बसला, तर आपला कंचा कसं वळकायचं?"

फळ येलावरच हुतं तवर अर्जुनाला कावीळ झाली. गावात उतरवून बगितली, मुळी बांदली, मग एसटीत आडवा घालून मिरजंला न्हेला. तितंच गेला. काकीच्या ध्यानात मिरजंचं काय ऱ्हायलं, तर दवाखान्याच्या भिताडावरच्या पानाच्या पिचकाऱ्या. ज्या खाटंवर मालक गेला तिच्या उशाला बी एक लाल वघळ. ती म्हनायची, मानूस मरतोय आन् हे मेलं थुकत्यात.

शिमग्याच्या सुमाराला मिरजंचा बाबालाल मिस्त्री आला. बोटाच्या पेरानं भोपळं वाजवून वाजवून बगितलं आन् थोरल्यापशी थांबला. काकी म्हनली, ह्यो देयाचा न्हाई. बाबालालला अर्जुनाचं कळलं हुतं. त्यो खाली बसला.

"भाभी, घरात ठिवलास तर उंदरं खातील. मला दे. ह्येचा तंबोरा बोलंल तवा तुला ऐकाय बोलवीन. जबान देतो."

काकीनं तेवढ्यावर दिला. मालकाच्या हाताची तेवढीच एक वस्तू ऱ्हायल्याली, आन् ती बोलनार म्हनल्यावर तिला एकदा ऐकायची हुती. बास, दुसरं काय न्हाई.

थंडीत बाबालालनं एसटीच्या कंडक्टरजवळ सांगावा धाडला. रविवारी सकाळी सांगलीत एका थोर बुवाचं गानं हाय, बुवाच्या मागं उजव्या अंगाला जो नवा तंबोरा आसंल त्यो तुजा, दोन मानसं आत सोडाय सांगून ठिवलंय.

वाडीत चर्चा झाली. चुलत सासू सुलाबाई दारात येऊन म्हनली, "मालक जाऊन वरीस झालं न्हाई तवर गानं ऐकाय चालली व्हय गं?"

"गानं कुनाला ऐकायचंय?" काकी म्हनली. "म्या भोपळा ऐकाय चालले."

संगट धाकला दीर बिराप्पा. त्येला सांगली म्हनल्यावर शुक्करवारपासनंच धीर निगंना. टोपी धुतली, मिशीला त्याल लावलं. शनवारी एसटीत एका बाईचं प्वार वकलं, ते काकीच्या खांद्यावरच्या धडप्यावर उडालं. काकी सांगलीपतुर त्यो धडपा अंगापासनं लांब धरून बसली, मेल्याला उंदीर धरावा तसा.

बिराप्पा म्हनला, "वैनी, पोराचं वकनं न्हवं, परसाद समज."

"मग तू घे की परसाद. ये, लाव कपाळाला."

सांगलीत काकीला बरा वाटला त्यो हळदीच्या पेठंतला वास तेवढा. हमालांची अंगं पिवळी, रस्ता पिवळा. ती म्हनली, बिरोबाच्या देवळागत वाटतंय. बाकी सगळं वंगाळ. गटारीच्या कडंला बिराप्पानं भडंग घेतलं. भडंगवाला त्याच हातानं नाक पुसायचा, त्याच हातानं चुरमुरं कालवायचा. बिराप्पानं मटामटा खाल्लं, वर बोटं चाटली. रातच्या मुक्कामाला धरमशाळंत काकीनं घरची भाकरी सोडली, तर एक गडी समोर बसून पायाच्या भेगंतली माती काडत हुता. तिनं भाकरी परत बांदली. रातभर कूस न्हाई वळली. दुसऱ्याच्या घामाची घोंगडी अंगाला लागती म्हनून.

सकाळी गान्याच्या जागंवर गेली. भाईर चपलांचा ढीग, त्येचा वास. आत गेलं तर अत्तराचा वास, शालींस्नी डांबराच्या गोळीचा वास, आन् त्येच्याखाली कुनाच्या तरी मोज्याचा वास. बाबालाल म्होरं कुटं तर हुता, त्येनं लांबनंच हात केला. ह्या दोगांस्नी मागं भिताडाला जाजमावर जागा मिळाली. शेजारची बाई काकीच्या लुगड्याकडं बगून जरा सरकली. काकीनं बी ते बगितलं आन् ती बी सरकली. तिनं एक वीत, हिनं दोन.

म्होरं एक शेटजी तपकीर वडायचा आन् शिंकून झालं की धोतराच्या सोग्याला बोटं पुसायचा. बुवा आलं. अंगानं भरल्यालं, झब्बा पांढराधोट. बसलं आन् पयल्यांदा काय केलं, तर खाकारलं. शेजारी पितळंची पिकदानी हुती, तिच्यात थुकलं. आन् ती पिकदानी कुटं, तर उजव्या तंबोऱ्याच्या पायथ्याला.

काकी म्हनली, "बिराप्पा, त्यो थुकला रं! भोपळ्यापशी थुकला!"

"वैनी, हळू. गळा साफ करत्यात ती."

"आमी येलापशी कुनाला खोकू दिला न्हाई."

मग तंबोरं जुळवायला घेतलं. एक तार पिळ, ऐक, परत पिळ. काकीला वाटलं हेच गानं. बिराप्पा बोट ताठ करून म्हनला, "त्यो बग, उजव्या अंगाचा!" तशी तिनं त्येच्या बोटावर फाट्टदिशी चापट मारली.

"बोट मोडून दाव, मुडद्या!"

म्होरची चार टाळकी वळली. बिराप्पा बोट चोळत म्हनला, "आगं, वाळून लाकूड झालाय त्यो. आता काय कुजतोय?"

काकीचं ध्यान तितं कुटं हुतं? ती खूण हुडकत हुती. तंबोरा लांबनं मधासारका चकाकत हुता, कडंला पांढरी नकशी, पानंफुलं. दोन रेगा आन् ठिपका काय दिसना. बुवानं गायला सुरवात केली. काकी मान हिकडं करून बगती, तिकडं करून बगती. शेटजी "वाऽ" म्हनला की त्येच्या तोंडातला मुखरस उडायचा, ती मान मागं घ्यायची, मग परत म्होरं. गानं तिच्या कानावरनं गेलं, आत काय शिरलं न्हाई.

मधी बंद केलं. हार, शाली, भाषान. मग चा आन् बटाटंवडं. मानसांनी वडं खाल्लं आन् त्येलकट हात भिताडाच्या पडद्याला पुसलं. काकी तवाच उठली, सरळ म्होरं गेली, मंचाला लागून उबी ऱ्हायली. तंबोरं आडवं ठिवल्यालं. तिनं उजव्या अंगाचा सगळीकडनं बगितला. पाठ बगितली, कुशी बगितली. म्होरच्या अंगाला तर लाकडाची फळी बसीवल्याली. खूण कुटंच न्हाई. गुळगुळीत.

एक बिल्लेवाला प्वारगा आला. "अहो बाई, मागं व्हा. हात लावू नका."

"म्या लावत न्हाई," काकी म्हनली. "ह्यो आमचा न्हवंच."

ती परत आली ती तोंड आंबट करून. "फसीवलं मेल्यानं. जबान देतो म्हनं! दुसऱ्याचाच कुनाचा तर भोपळा दावून मोकळा झाला. चल उठ."

बिराप्पानं वड्याचा हात मिशीला पुसला. "वैनी, जरा बसूया की. आलोय येवड्या लांबनं."

"तू बस त्या थुक्यापशी."

काकी भाईर आली, चपलांच्या ढिगाच्या पल्याड भिताडाला पाठ लावून बसली. आत परत सुरू झालं. लय येळ चाललं. भाईर बी सगळं ऐकाय येत हुतं, पर तिनं पदराचं दोन बोळं केलं आन् कानात घातलं. नगंच ते. मालकाचं म्हनून दुसऱ्याचं ऐकायचं, तिला ते परक्याच्या उष्ट्या ताटात जेवल्यावानी वाटलं.

सगळी उठली तवा बिराप्पा भाईर आला. डोळं लाल, नाकाचा शेंडा लाल.

"काय झालं रं? वडा बाधला का?"

"न्हाई," त्यो म्हनला. "वैनी, तू आत पायजे हुतीस."

"गप. शेंबूड पूस आदी. आता मिरजंला जायाचं. त्या बाबालालला इचारते."

मिरजंत बाबालालचं दुकान घराला लागूनच. दुपार उलटल्यावर गेली तर वाटंवरच भोपळ्याचा वास आला. वाळकं भोपळं कापायला मऊ पडावं म्हनून पान्यात घालत्यात, मग आतला गर खरवडून काडत्यात. त्यो कुजका, कडू वास. काकीला त्या वासाची तेवढी किळस आली न्हाई, वळकीचा हुता. दारातच बाबालालचा म्हातारा चुलता भुसकाटात बसून लाकूड तासत हुता. गालात तंबाकू. दर येळंला कडंला ठिवल्याल्या भोपळ्याच्या परळात पच्चकन् थुकायचा. परळ काठापतुर आल्यालं, वर माशा. काकीनं त्वांड फिरवलं आन् पदर नाकाला लावला.

बाबालाल सांगलीसनं नुकताच आल्याला, हसत म्होरं आला. "ऐकलास का भाभी? कसा बोलला?"

"कुनाचा भोपळा त्यो?"

"कुनाचा म्हंजे? तुजाच."

"खोटं बोलू नगंस. मालक मेला म्हनून बाईला कायबी सांगावं व्हय? त्येच्यावर खूण न्हाई."

"कसली खूण?"

"दोन रेगा आन् मधी ठिपका. मालकानं सोताच्या हातानं केल्याली. तळव्याएवढी हुती. तुला दिसली न्हवती?"

बाबालाल हळूच म्हनला, "भाभी, त्यो डाग वाटला मला. भोपळ्याची एक बाजू कापूनच टाकाय लागती, तितं लाकडाची तबली बसती. डाग आसंल ती बाजू आमी कापतो. चांगली पाठ ठिवतो."

"मग कापल्याली कुटं गेली?"

बाबालालनं चुलत्याकडं बगितलं. चुलत्यानं थुकाय मान वाकवली हुती, ती तशीच ऱ्हायली.

काकी दोन पावलं गेली आन् खाली बसली. बिराप्पा म्हनला, वैनी, नगं, म्या उचलतो. तवर तिनं उगड्या हातानं परळ उचललं हुतं. ज्या बाईला दुसऱ्यानं त्वांड लावल्याला तांब्या चालत न्हवता, तिच्या बोटांवरनं तांबडं-काळं थुकाट वघळत मनगटापतुर आलं. तिनं ते गटारीत वतलं आन् परळ पालथं केलं. बुडाला दोन रेगा. मधी ठिपका.

"आरं, माजी थुकदानी!" म्हातारा म्हनला. त्येला ऐकायला कमी येत हुतं, काय झालं ते कळलं न्हवतं.

"चच्चा, चूप," बाबालाल म्हनला. त्येचं त्वांड पांढरं पडल्यालं. "भाभी, खूण सांगितली आसतीस तर मागच्या अंगाला राखून ठिवली आसती."

"तू इचारलं न्हाईस. म्या सांगितलं न्हाई." काकी उठली. "त्यो सांगलीतला आता परत कवा वाजंल?"

"बुवा दुपारच्या गाडीनं गेलं. लांबचं हाईत, ग्वाल्हेरकडचं. तंबोरा संगट गेला."

तांब्यातलं पानी बाबालालच्या बायकोनं पुढं केलं ते काकीनं घेतलं न्हाई. परळ घिऊन टेसनाच्या नळावर गेली आन् मातीनं घासाय बसली. माती, पानी, परत माती. तंबाकूचा डाग आतल्या अंगात मुरल्याला, निगंना. नखं निगायची येळ आली. मानसं बगत हुती, कुनी म्हनलं येडी दिसती. तिनं एकदा वास घितला, वकारी आली, तितंच कडंला वकली, त्वांड धुतलं आन् परत घासाय घितलं.

"वैनी, ऱ्हाऊ दे की," बिराप्पा म्हनला. "एक हुकली एसटी."

"हुकू दे."

मग एसटी मिळाली. काकी खिडकीशी, परळ वट्यात पालथं. बोटं त्या रेगांवर. बिराप्पा शेजारी. सूर्य कलला, दोनी अंगाला करडीची रानं हिरवीगार, पर तिचं भाईर ध्यान न्हवतं. लय येळानं म्हनली,

"बिराप्पा."

"आँ?"

"कसा वाजत हुता रं?"

बिराप्पा टोपी काडून डोस्कं खाजवाय लागला. "ग्वाड."

"ग्वाड गूळ आसतोय. नीट सांग."

"म्हंजे... बुवा गायचं ते वर-खाली, वर-खाली. मला त्येच्यातलं काय कळलं न्हाई. पर बुवा दम घ्याय थांबलं की मागं त्यो एकटाच ऱ्हायचा. थांबतच न्हवता. सारका आपला..." त्येला सांगता येईना. "हिरीत वाकून बोलल्यावानी. न्हाई, तसं बी न्हाई."

"मग रडाय काय झालं हुतं तुला?"

बिराप्पानं खाली बगितलं. "दादा मेंढरामागं त्वांड मिटून घुमायचा न्हवं. तसं."

काकीचा हात परळावर थांबला. "आन् हे तू मला तवा सांगितलं न्हाईस, मुडद्या?"

"तू कानात पदर कोंबून बसल्यालीस, वैनी. वर म्हनलीस शेंबूड पूस."

एसटी कवठ्याच्या चढाला लागली. मग काकी म्हनली, "करून दाव."

"हितं?"

"हितंच."

बिराप्पानं आवतीभवती बगितलं. मग त्वांड घट मिटलं, डोळं मिटलं आन् नाकातनं ऊंऽऽ सुरू केलं. पयल्यांदा बारीक, मग जरा खाली, मग थरथरत एका जागी धरलं. गाल फुगलं, मान ताठ झाली. म्होरची मानसं वळून बगाय लागली. कंडक्टर घंटीची दोरी सोडून धावत आला.

"ओ पावणं, वांती हुनार आसंल तर खिडकीतनं! गाडीत नगं! ओ बाई, सरका, त्येला खिडकीशी घ्या!"

काकीनं परळ छातीशी धरलं.

"तुमी गप बसा," ती कंडक्टरला म्हनली. "वाजू द्या त्येला."

आन् कानावरचा पदर मागं सारला.